कॅटामरान तक्रार करत नाही: मित्रांसोबतच्या किनारी सफरीत या चुका टाळा

एका हलची (हल म्हणजे नौकेचं पाण्यात राहणारं धड) शिडाची नौका वारा वाढला की कलते. टेबलावरच्या वस्तू घसरू लागतात, सुकाणू जड होतं, आणि नौकेवरचा सगळ्यात नवखा मित्रसुद्धा विचारतो, "शीड कमी करायचं का?" कॅटामरानवर हा प्रश्न कुणाच्या मनात येत नाही. दोन हल, मध्ये ऐसपैस डेक, सगळं सपाट. पण वाऱ्याचा जोर कुठे तरी जाणारच. नौका कलत नाही म्हणून तो डोलकाठीवर, तिला ताणून धरणाऱ्या तारांवर आणि शिडाच्या दोरांवर पडतो. अशा सफरीतल्या निम्म्याअधिक चुकांचं मूळ मला या आरामात दिसतं.

अंगाला जाणवलं की शीड आवरू, असं म्हणणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कॅटामरानवर रीफ घ्यायचा (शीड थोडं उतरवून लहान करायचं) तो आकडा बघून. किती नॉटला (ताशी सागरी मैल) पहिला रीफ आणि किती नॉटला दुसरा, याचा तक्ता नौका बनवणारे देतात. तो सुकाणूपाशी चिकटवून टाका. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १४ नॉटचा वारा २० नॉटवर गेला की शिडावरचा भार जवळजवळ दुप्पट होतो आणि डेकवर गप्पा मारत बसलेल्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. तक्त्याशी ताडून बघायचा तो झोतांचा आकडा, सरासरीचा नव्हे.

वारा पाठीमागून असेल तर फसगत आणखी मोठी. खरा वारा २० नॉट आणि नौका ७ नॉटने त्याच्याबरोबर पळतेय, म्हणजे डेकवर जाणवतो जेमतेम १३ नॉट. ऊन छान, सगळे खूश. मग शीड कमी करायला कुणी नाळ, म्हणजे नौकेचं पुढचं टोक, वाऱ्याकडे फिरवतं आणि एका मिनिटात तोंडावर २५ नॉटचा मारा बसतो. म्हणून निर्णय खऱ्या वाऱ्यावरून घ्या, आणि सरळ पाठीमागच्या वाऱ्यात विशेष लवकर घ्या.

एकहली नौकेवर शिकलेल्यांना एक सवय मोडावी लागते. वारा मागच्या बाजूने तिरका असताना झोत आला की ते नकळत वाऱ्याकडे वळतात. कॅटामरानवर अशा वेळी वाऱ्यापासून दूर वळायचं, म्हणजे शिडावरचा भार उतरतो. समोरून तिरक्या वाऱ्यात मात्र उलट: मुख्य शिडाचा दोर सैल सोडा किंवा नाळ थोडी वाऱ्याकडे घ्या. कील, म्हणजे तळाखालचं जड पातं, असलेली नौका आडवी पडली तरी खालच्या वजनामुळे सहसा परत उभी राहते. उलटलेली कॅटामरान आपणहून सरळ होत नाही.

शीड अडकलं, दाब बटण

मुख्य शीड चढवताना मध्येच थांबलं तर नव्वद टक्के वेळा, असं मी अंदाजाने म्हणतो, शिडातल्या आडव्या पट्टीचं टोक बाजूच्या लेझी जॅकच्या, म्हणजे उतरणारं शीड सावरणाऱ्या, दोरात गुंतलेलं असतं. नाळ वाऱ्यात अगदी सरळ नसली की हे होतं. पण हाताशी दोर ओढणारा इलेक्ट्रिक विंच असतो, बटण दाबून ठेवलं जातं, आणि त्या यंत्राला शीड फाटलं तरी कळत नाही. बटणावर बोट असलेल्याची नजर वर शिडावरच हवी. अडकलं की बोट काढा, थोडं खाली सोडा, नाळ सरळ करा, पुन्हा चढवा.

पुढचं गुंडाळी शीड आत येत नसेल तर आधी त्याच्या ड्रमकडे बघा. शीड उघडताना गुंडाळीचा दोर सैल सोडला असेल तर तो ड्रमवर एकावर एक चढून आवळलेला असतो. ते मोकळं करायला दोन मिनिटं लागतात. विंचने ओढलं तर तुटेपर्यंत गोष्ट जाते.

नांगर: टाकला म्हणजे धरला नव्हे

सर्वांत नेहमीची चूक हिशेबाची. पाच मीटर खोली, पाचपट साखळी, म्हणून पंचवीस मीटर सोडून लोक पोहायला जातात. पण मोजायचं ते नाळेपासून, आणि भरतीच्या वेळचं. पाच मीटर खोली, नाळ पाण्यापासून दीड मीटर वर, भरतीने आणखी दोन मीटर चढणार: झाले साडेआठ. त्याच्या पाचपट म्हणजे साडेबेचाळीस मीटर. वारा वाढण्याचा अंदाज असेल तर त्याहून जास्त.

मग दोन्ही इंजिनं हळू उलटी चालवा आणि सावकाश जोर वाढवा. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा. त्या एकमेकींपासून सरकू लागल्या किंवा ताणलेली साखळी थरथरू लागली, तर नांगर तळावरून घासत येतोय. वाळू आणि चिखल चांगले, समुद्री गवत आणि खडक वाईट. दोनदा धरला नाही तर त्याच जागी हट्ट करू नका, जागा बदला.

ब्रायडल, म्हणजे दोन्ही नाळांपासून येऊन साखळीला जोडला जाणारा दुहेरी दोर, आळसाने लावायचा राहतो. त्याच्याविना सगळा भार साखळी ओढणाऱ्या विंडलासवर येतो आणि नौका रात्रभर डावी-उजवी भटकते. शेजारच्या एकहली नौकेपासूनही जास्त अंतर ठेवा. वारा किंवा प्रवाह फिरला की दोघी एकसारख्या फिरत नाहीत.

धक्क्याला लावताना

दोन इंजिनं एकमेकांपासून लांब असणं हे कॅटामरानचं खरं सुख. सुकाणू मधोमध धरा, डावं इंजिन पुढे, उजवं मागे, आणि नौका जागच्या जागी उजवीकडे फिरते. गडबड होते ती अगदी कमी वेगात सुकाणूही फिरवायला गेल्यावर. वारा कडेचा असेल तर थांबून विचार करू नका. खोल कील नसल्यामुळे नौका बाजूला वाहत जाते. पटत नसेल तर बाहेर पडा, पुन्हा या. आणि हातापायांनी नौका ढकलून धरायला कुणालाही देऊ नका, ती अनेक टनांची आहे. मागे बांधलेल्या डिंगीचा (छोट्या होडीचा) दोर उलटं जाण्याआधी आखूड करा, नाहीतर तो इंजिनाच्या पंख्यात जातो.

'सगळेच बघत होते'

मित्रांमध्ये हुद्दे नसतात, त्यामुळे पाळत कुणाचीच नसते. सफर कितीही मोकळी असो, स्किपर एकच आणि त्या तासाला समोर बघणारा एक, नाव घेऊन ठरलेला. पडद्यावर बघणं म्हणजे पाळत नव्हे. २०१४ साली व्होल्वो ओशन रेसमधली 'टीम वेस्टास विंड' ही नौका मॉरिशसच्या कार्गाडोस काराजोस खडकांवर आदळली. खलाशी कसलेले होते, पण इलेक्ट्रॉनिक नकाशा दूरच्या आवाक्यात ठेवला की उथळ जागा दिसेनाशा होतात. संपूर्ण मार्ग जवळून, तुकड्यातुकड्याने तपासा.

इंजिन सुरू असताना मागच्या पायऱ्यांवर कुणी बसायचं नाही, लाटा असताना पुढच्या जाळीवरही नाही. माणूस पाण्यात पडला तर एकाने फक्त बोट दाखवत नजर त्याच्यावर ठेवायची, दुसरं काहीही करायचं नाही. आणि व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १६, म्हणजे संकटात हाक द्यायचं चॅनल, कसं वापरायचं हे स्किपरशिवाय निदान दोघांना यायला हवं, कारण पाण्यात पडलेला स्किपरही असू शकतो.

आतल्या कुरबुरी

कुणी नळ उघडलेला नसताना पाण्याचा पंप मध्येच वाजतोय? कुठे तरी गळती आहे किंवा टाकी संपून पंप हवा ओढतोय. टाकी बदला, नाहीतर पंप बंद करा. इंजिनाच्या धुराच्या नळीतून पाणी येत नसेल तर इंजिन लगेच थांबवा. आधी समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह, मग गाळणी, मग इम्पेलर (पाणी खेचणाऱ्या पंपातलं चाक), या क्रमाने बघा. साधी बॅटरी १२.२ व्होल्टवर आली म्हणजे अर्धी संपली, आणि ती खाणारा बहुतेक वेळा फ्रिज असतो. शौचालय तुंबलं तर मात्र उपाय सांगून उपयोग नाही, ते उघडून हातानेच साफ करावं लागतं. पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगा: पोटातून न आलेलं काहीही, कागदसुद्धा, त्यात टाकायचं नाही. न ऐकणाऱ्याला ते काम आधीच नेमून द्या.