कलम वाचायचं कसं: ‘पासून’ आणि ‘जन्मतः’

पक्षकार ऑफिसात येतो, मोबाइल पुढे करतो आणि म्हणतो, “ताई, कायदा आलाय, हे बघा.” मोबाइलवर बातमीचा मथळा असतो. मथळा म्हणजे कायदा नव्हे, हे पटवण्यात माझी पहिली पाच मिनिटं जातात. तालुक्याच्या कोर्टात दिवाणी दावे चालवून मला पंचवीस वर्षं झाली. कायदा होतो कसा आणि त्याला न्यायाधीशांचा हात कुठे लागतो हे कळायला हवं असेल, तर एकच कलम धरा आणि त्याचा शेवटपर्यंत पिच्छा पुरवा. मी हिंदू उत्तराधिकार अधिनियम 1956 चं कलम 6 घेते, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत वाटा कुणाला हे सांगणारं, कारण ते आमच्याच घरात घडलं.

आमची जमीन बारा एकर, वडिलोपार्जित. भाऊ एक, बहिणी दोघी. माझं लग्न मे 1993 मध्ये झालं, धाकटीचं 1996 मध्ये. आई आधीच गेली होती, अण्णा 2002 साली गेले. मृत्युपत्र नव्हतं. कागद-पेन घेऊन बसा, हिशोब लागणार आहे.

सुरुवात मजकुरापासून करू नका. आधी कायदा केला कुणी ते बघा. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत: संघ, राज्य आणि समवर्ती. वारसा, एकत्र कुटुंब आणि वाटणी हे विषय समवर्ती यादीत, नोंद 5 मध्ये येतात. म्हणजे संसदही कायदा करू शकते आणि आपलं विधिमंडळही. दोघांचं जुळलं नाही तर केंद्राचा कायदा चालतो. राज्याला त्याहून वेगळं करायचं असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते, आणि तरीही पुढे संसद ते बदलू शकते.

महाराष्ट्राने 1994 मध्ये हे केलं. कलम 29-अ घातलं आणि मुलगीही मुलासारखी जन्मतःच सहदायक ठरली, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्माने वाटेकरी. लागू झाल्याची तारीख 22 जून 1994. पण त्याच कलमात पुढे एक पोटकलम आहे: या तारखेआधी लग्न झालेल्या मुलीला हे लागू नाही. माझं तेरा महिन्यांनी हुकलं.

आता हिशोब करा. 1956 च्या मूळ कायद्याप्रमाणे, अण्णा गेले त्याच्या लगेच आधी वाटणी झाली असं मानायचं. अण्णा आणि भाऊ, सहा-सहा एकर. अण्णांचे सहा आम्हा तिघांत. मला दोन एकर. 1994 च्या दुरुस्तीने धाकटीही त्या मानीव वाटणीत आली: अण्णा, भाऊ, धाकटी, प्रत्येकी चार. अण्णांचे चार तिघांत. मला एक एकर तेरा गुंठे. मुलींना हक्क देणाऱ्या कायद्याने थोरल्या मुलीचे सुमारे सत्तावीस गुंठे खाल्ले! म्हणून सांगते, कायदा चांगला की वाईट हे उद्देशावरून ठरवू नका, आकडे घालून बघा.

मग दिल्लीकडे वळा. विधि आयोगाने 2000 मध्ये 174 वा अहवाल दिला होता. मुलींना देशभर हाच हक्क देणारं, कलम 6 च्या दुरुस्तीचं विधेयक राज्यसभेत आलं 20 डिसेंबर 2004 रोजी. मग स्थायी समिती, दोन्ही सभागृहांची मंजुरी, 5 सप्टेंबर 2005 ला राष्ट्रपतींची सही, राजपत्रात प्रसिद्धी, आणि 9 सप्टेंबर 2005 पासून अंमल. हा प्रवास नागरिकशास्त्रात सगळ्यांनी घोकलेला असतो, मी त्यात अडकत नाही. मात्र प्रत्येक तारीख वहीत टिपा. कलम 6 च्या परंतुकात, म्हणजे ‘परंतु’ म्हणून जोडलेल्या अपवादात, म्हटलंय की 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेली वाटणी किंवा विक्री या दुरुस्तीने मोडणार नाही. कायदा लागू सप्टेंबर 2005 ला आणि परंतुकात डिसेंबर 2004, असं का? विधेयक मांडल्याची तारीखच तिथे उचलून घातली आहे. कायदा येतोय असा सुगावा लागताच घाईघाईने वाटण्या करून बहिणींना बाजूला सारणारे निघतील, हे ओळखून. शेवटी स्पष्टीकरण आहे: वाटणी म्हणजे नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली. “आमची तोंडी झाली होती” म्हणणाऱ्यांची वाट तिथे अरुंद होते. परंतुक आणि स्पष्टीकरण न वाचता कलम वाचलं म्हणणं म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बघून इतर हक्काचा रकाना सोडून देणं.

संसदेचं काम इथे संपलं. आता पोटकलम (1) मधले दोनच शब्द हाताशी घ्या. कायदा म्हणतो, ही दुरुस्ती अंमलात आल्या‘पासून’ सहदायकाची मुलगी ‘जन्मतः’ सहदायक होईल, मुलासारखीच. दोन्ही शब्द एकाच वाक्यात. ‘पासून’ धरला तर हक्क 2005 मध्ये सुरू होतो. ‘जन्मतः’ धरला तर पाळण्यापासून. ज्या मुलीचे वडील 2005 च्या आधीच गेले, तिचं काय? वाक्यात उत्तर नाही, आणि न्यायाधीशाला “वाक्य अपुरं आहे, परत पाठवा” म्हणण्याची सोय नाही. त्याच्या पुढ्यात दोन माणसं उभी असतात, त्याला निकाल द्यावाच लागतो.

ऑक्टोबर 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रकाश विरुद्ध फुलवती’ खटल्यात ‘पासून’वर भर दिला: 9 सप्टेंबर 2005 ला वडीलही हयात हवेत आणि मुलगीही. त्या दिवशी मी चहा घेतला नाही. फेब्रुवारी 2018 मध्ये ‘दानम्मा विरुद्ध अमर’मध्ये वडील 2001 सालीच गेलेले होते, तरी मुलींना प्रत्येकी एक पंचमांश वाटा मिळाला. दोन्ही निकाल दोन-दोन न्यायाधीशांचे. आता खालच्या कोर्टाने कुठला मानायचा? आमच्याकडे वादीचे वकील एक निकाल काढायचे, प्रतिवादीचे दुसरा, आणि जज्जसाहेब पुढची तारीख द्यायचे.

म्हणून निकालपत्र हातात आलं की आधी न्यायाधीशांची नावं मोजा. घटनेच्या अनुच्छेद 141 ने सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक असतो, पण त्यांच्यात आपसांत ओढाताण झाली की मोठं पीठ, म्हणजे जास्त न्यायाधीशांचं, लहान पीठाच्या वर. हा घोळ तीन न्यायाधीशांपुढे गेला आणि 11 ऑगस्ट 2020 ला ‘विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा’चा निकाल आला: हक्क जन्माने मिळतो, म्हणून वडील 2005 मध्ये हयात असण्याची गरज नाही. ‘पासून’ शब्द वाया गेला नाही, हक्क बजावता येईल तो 9 सप्टेंबर 2005 पासून. फुलवती रद्द. तोंडी वाटणीबद्दलही बजावलं: अपवादानेच, तेही सरकारी दस्तांचा भक्कम आधार असेल तर. प्रलंबित प्रकरणं शक्यतो सहा महिन्यांत संपवा असंही लिहिलं होतं. ते वाक्य बार रूममध्ये मोठ्याने वाचलं गेलं आणि सगळे हसले.

निकालपत्र शंभर-सव्वाशे पानांचं असलं तरी घाबरू नका. आधी वस्तुस्थिती वाचा, मग कोर्टाने स्वतःपुढे ठेवलेला प्रश्न, मग थेट शेवटचे परिच्छेद. मधल्या पानांवर वकिलांचे युक्तिवाद असतात. त्यातलं वाक्य उचलून “कोर्टाने म्हटलंय” असं सांगणारे मी दर आठवड्याला बघते. कायद्याचा मूळ मजकूर ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो, सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ‘ई-एससीआर’वर, काहींचे मराठी अनुवादही.

आणि वकिलाकडे जाताना मथळा नको, कागद आणा. जुने फेरफार, आठ-अ, वडिलांचा मृत्यूचा दाखला, आणि कधीकाळी दिवाळीला माहेरी गेल्यावर सही केलेलं हक्कसोडपत्र असेल तर तेही, लाजू नका. ते नोंदलेलं असेल तर 2020 चा निकाल बहुतेक वेळा तुमच्या कामाचा नाही.

आमच्या बारा एकरांचे 2021 मध्ये चार-चार झाले. विहीर भावाच्या तुकड्यात गेली. माझ्या वाट्याला आठवड्यातून दोन दिवस पाणी, हे वाटणीपत्रात लिहून घेतलंय. नोंदणीकृत.