कोल्हापूर ते लंडन : निघण्याआधीची तयारी

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. थेट विमान साडेनऊ-दहा तासांत पोचवतं. पण लेकीकडं निघालेल्या आई-बाबांनी हिशेब धरायचा तो आपल्या दारातनं. कोल्हापूर-मुंबई रस्ता 380 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पुढच्या वाटेचा जेमतेम विसावा हिस्सा, आणि त्यालाच आठ-नऊ तास जातात. घाटात गाडी अडकली की आणखी. म्हणून तिकीट काढतानाच बघा, विमान पहाटेचं असेल तर आदल्या दिवशी सकाळीच निघायचं. दुपारचं असेल तर रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडून सकाळी दादरला उतरता येतं, पण गाडीला उशीर होईल हे धरूनच. विमानतळावर तीन तास आधी हजर राहायचं आहे. उजळाईवाडीहून विमानानं मुंबई गाठणार असाल आणि ते तिकीट वेगळं असेल, तर बॅगा मुंबईत घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. शिवाय देशातल्या विमानात बहुधा 15 किलोच सामान चालतं.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. दुपारी 1 ला निघून संध्याकाळी 6 ला लंडन, असं वाचून आमचे बाबा म्हणाले, "पाचच तास? पुण्याएवढंच की!" उन्हाळ्यात तिथलं घड्याळ साडेचार तास मागं असतं, हिवाळ्यात साडेपाच. ते मिळवा, मग खरा वेळ कळतो. येताना तासभर कमी लागतो, कारण उंचावरचे पश्चिमेचे वारे पाठीमागून रेटतात.

औषधं हातातल्याच पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. इन्सुलिन तर मोठ्या बॅगेत टाकूच नका, सामानाच्या कप्प्यातल्या थंडीनं ते गोठू शकतं. मधुमेहाच्या गोळ्या कुठल्या घड्याळाप्रमाणं घ्यायच्या, हे आधीच विचारून कागदावर लिहून ठेवा. पाय सुजतात, तेव्हा सैल चप्पल घाला, दोन तासांनी एक फेरी मारा. पॉवर बँकही हातातच.

आता खाऊ, खरी भांडणं इथंच होतात. पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवा, ब्रिटनमध्ये भारतातनं दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही नकोत. तेलकट खोबरं आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून ते सुरक्षा तपासणीत काढून घेतात. कांदा-लसूण मसाला दुहेरी पिशवीत बांधून मोठ्या बॅगेत. ठेचा, लोणचंही तिथंच, कारण हातातल्या पिशवीत 100 मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली सोडत नाहीत. गूळ, भडंग खुशाल न्या. काकवीचा हट्ट मात्र आईनं सोडावा, बाटली फुटली तर जावयाचे नवे शर्ट त्याच बॅगेत आहेत.