रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी अडकली तर

जुनी किंवा दमट झालेली काडतुसं वापरताना कधी कधी 'धाड' ऐवजी नुसतं 'फुस्स' होतं, हाताला झटकाही नेहमीसारखा लागत नाही. तिथेच थांबायचं, कारण गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि मागून दुसरी झाडली तर नळी फुगते नाहीतर फुटते.

१. नळी टार्गेटकडेच धरून किमान ३० सेकंद थांबा, बार उशिरा उडू शकतो.
२. सिलिंडर (काडतुसं भरायचा फिरता भाग) उघडून सगळी काडतुसं काढा. उघडतच नसेल तर गोळी अर्धी सिलिंडरमध्ये अर्धी नळीत अडकलीये समजा, जोर लावू नका, सरळ रेंजवरच्या माणसाला हाक मारा.
३. रिकामी झाल्यावर नळीतून पितळी सळई घाला, आरपार गेली नाही म्हणजे अडकलीच.

गोळी ठोकून काढायचं काम आर्मररचं, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याचं, घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसू नका. आणि त्या डब्यातली उरलेली काडतुसंही वापरू नका, मोह होतो, महाग असतात ना!