लिनक्ससाठी डिस्कची पार्टिशन करताना बूटचं आधी बघा

लिनक्स टाकायचं म्हटलं की सल्ले सुरू होतात ते रूटला (लिनक्स ज्यावर बसतं ते डिस्कचं मुख्य पार्टिशन) किती जीबी द्यायचे आणि स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) रॅमच्या दुप्पट हवं की नको यावर. हे आकडे थोडे मागेपुढे झाले तरी मशीन सुरू होतं. ते अडतं बूटपाशी (सुरू होतानाच्या टप्प्यावर), आणि त्याबद्दल कुणी धड सांगत नाही. बॅकअप घेतलाय, लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता ज्यावरून लिनक्स सुरू होतं तो) तयार आहे, असं धरून पुढे जाऊ.

१. मोड तपासा, म्हणजे फर्मवेअर (मदरबोर्डमधला प्रोग्राम) मशीन कोणत्या पद्धतीने सुरू करतंय ते. पेनड्राइव्हवरून सुरू झाल्यावर टर्मिनलमध्ये सिस, त्यात फर्मवेअर, त्यात ईएफआय अशी डिरेक्टरी आहे का पाहा. असेल तर यूईएफआय, म्हणजे नवा मोड. नसेल तर जुना बायोस मोड. तसं असेल तर रीस्टार्ट करा आणि बूट मेनूमध्ये त्याच पेनड्राइव्हची यूईएफआय लिहिलेली ओळ निवडा. इन्स्टॉलर ज्या मोडमध्ये चालू होतो, सहसा त्याच मोडचा बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) टाकतो. विंडोज यूईएफआयमध्ये आणि लिनक्स बायोसमध्ये गेलं, तर ग्रबच्या (लिनक्सच्या बूटलोडरच्या) मेनूतून विंडोज उघडत नाही.

२. नव्या डिस्कवर जीपीटी टेबल (पार्टिशनची नव्या पद्धतीची यादी) करा. डिस्कवर आधीच विंडोज असेल तर टेबलाला हात लावू नका.

३. ईएफआय सिस्टिम पार्टिशन, म्हणजे बूटलोडरच्या फाइली ठेवायची जागा. सुरुवातीला मला सगळ्यात जास्त छळलं ते याच पायरीने, म्हणून इथे घाई नको. नव्या डिस्कवर सुरुवातीलाच १ जीबीचं फॅट ३२ पार्टिशन करा. नुसतं फॅट ३२ करून भागत नाही. पार्टिशनचा प्रकारही ‘ईएफआय सिस्टिम’ असाच लावायचा. जीपार्टेड या पार्टिशन करायच्या प्रोग्राममध्ये त्यासाठी ‘बूट’ आणि ‘ईएसपी’ हे फ्लॅग (खुणा) असतात. माउंट पॉइंट (पार्टिशन जिथे जोडायचं ती डिरेक्टरी) बूटच्या आतलं ईएफआय.

विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकताना हे पार्टिशन आधीपासून असतं, बऱ्याचदा फक्त १०० एमबीचं. तेच वापरा, पण इन्स्टॉलरमध्ये ‘फॉरमॅट’ची खूण काढलीय ना, हे दोनदा बघा. ती राहिली तर विंडोजचा बूटलोडर गेला. ‘लहान आहे, पुसून मोठं करा’ असं सांगणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. बूटच्या आतल्या ईएफआयवर माउंट केलं तर कर्नल (लिनक्सच्या गाभ्याच्या फाइली) रूटवरच राहतात; या पार्टिशनमध्ये येतात त्या ग्रबच्या मोजक्या फाइली, आणि त्यांना एवढी जागा पुरते.

दोन डिस्क असतील तर आणखी एक. काही इन्स्टॉलर तुम्ही काहीही निवडा, पहिल्या सापडलेल्या ईएफआय पार्टिशनमध्येच ग्रब टाकतात. पुढे ती डिस्क काढली की लिनक्स सुरू होत नाही. इन्स्टॉल करताना दुसरी डिस्क सोडवून ठेवणं हा माझ्या मते सगळ्यात खात्रीचा उपाय.

४. रूटला ५० जीबी, उरलेलं होमला (तुमच्या स्वतःच्या फाइलींसाठी), दोन्ही ईएक्सटी४ फॉरमॅटमध्ये. स्वॅप फाइल नंतरही करता येते. हायबरनेट (चालू काम डिस्कवर साठवून मशीन बंद करणं) हवं असेल तर रॅमएवढं स्वॅप आत्ताच ठेवा.

५. इन्स्टॉल झाल्यावर एफएसटॅब (कोणतं पार्टिशन कुठे माउंट करायचं ते लिहिलेली फाइल) उघडून त्यातले यूयूआयडी (पार्टिशनचे ओळख क्रमांक) बीएलकेआयडी या कमांडने मिळणाऱ्या यादीशी ताडून पाहा. पार्टिशन पुन्हा फॉरमॅट केलं की यूयूआयडी बदलतो. जुना तसाच राहिला तर सिस्टिमडी (लिनक्समध्ये बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्राम) साधारण दीड मिनिट त्या पार्टिशनची वाट पाहतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये (फक्त दुरुस्तीपुरत्या टर्मिनलवर) नेऊन सोडतं.

तरीही ग्रब दिसलाच नाही, तर पुन्हा सगळं इन्स्टॉल करू नका. लाइव्ह पेनड्राइव्ह यूईएफआय मोडमध्येच सुरू करा, रूट माउंट करा, त्यात ईएफआय पार्टिशन माउंट करा, लाइव्ह सिस्टिमच्या डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन या डिरेक्टरी त्यात बाइंड करा (तिथेही दिसतील अशा जोडा), मग सीएचरूट करून (डिस्कवरच्या लिनक्समध्ये शिरून) ग्रब-इन्स्टॉल ही कमांड चालवा. ‘ईएफआय व्हेरिएबल्स’ची तक्रार आली तर बहुधा ईएफआयव्हार्स (फर्मवेअरमधल्या बूटच्या नोंदी जिथून लिहिता येतात ती डिरेक्टरी) माउंट करायचं राहिलंय. सगळं नीट होऊनही मदरबोर्ड लिनक्सची नोंद विसरत असेल, तर ग्रब-इन्स्टॉलला ‘रिमूव्हेबल’ हा पर्याय द्या. मग ग्रब ईएफआयमधल्या बूट या फोल्डरात जातो आणि नोंद नसली तरी फर्मवेअर तिथे बघतं.