गोळीच्या आधी तुलना बघा: कमी ऑक्सिजनमधल्या व्यायामाचा अभ्यास सुरू करताना

नाशिकमध्ये स्पोर्ट्स न्यूट्रिशनकडे वळणारी मुलं मला हमखास विचारतात, "ताई, उंचीवर सरावाला जाणाऱ्या खेळाडूला कोणती अँटिऑक्सिडंट गोळी द्यायची?" धावपटू कविता राऊतच्या जिल्ह्यात पळणाऱ्यांची वानवा नाही, त्यामुळे प्रश्न पडणारच. पण या विषयाचा अभ्यास गोळीपासून सुरू करू नका.

आपलं शहर साधारण ६०० मीटरवर, कळसूबाईचा माथा १६४६ मीटरवर. ३००० मीटरसारखी स्थिती हवी असेल तर प्रयोगशाळेत हवेत नायट्रोजन मिसळून ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून साडेचौदाच्या आसपास आणतात. ऑक्सिजन कमी म्हणजे फ्री रॅडिकल्सही (पेशींना इजा करू शकणारे, चटकन प्रतिक्रिया करणारे रेणू; अँटिऑक्सिडंट गोळी यांनाच आवरायला देतात) कमी, असं वाटतं ना? बऱ्याच प्रयोगांत उलट दिसतं. मायटोकॉन्ड्रियातली (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागातली) इलेक्ट्रॉनांची वाहतूक तुंबते आणि रॅडिकल्स वाढतात.

खरी मेख पुढेच आहे. अशा हवेत व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, घसरतो, म्हणून एरवी सहज जमणारा वेगही धाप लावतो. मग रॅडिकल्सचा वाढलेला ताण ऑक्सिजनच्या कमतरतेचा की जास्त पडलेल्या मेहनतीचा? पेपर हातात आला की आधी बघा: दोन्हीकडे वेग तोच ठेवला, की त्या त्या हवेतल्या क्षमतेची टक्केवारी सारखी ठेवली? शिवाय व्यायामात प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) आटतो, त्यामुळे रक्तातले आकडे आपोआप फुगतात. हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिटवरून (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) ती दुरुस्ती केली नसेल, तर निष्कर्ष जपूनच वाचा.

प्रयोगशाळेत हाताला वळण लागायला वेळ द्या. एमडीए (रॅडिकल्सनी पेशींतल्या चरबीची नासाडी केल्यावर तयार होणारा पदार्थ) मोजण्याच्या नेहमीच्या पद्धतीत नमुना गुलाबी होतो आणि ५३२ नॅनोमीटरवर वाचतात. रक्त घाईने ओढलं, तांबड्या पेशी फुटल्या, तर प्लाझ्मा आधीच लालसर येतो आणि वाचनच बिघडतं. सेंट्रिफ्यूजमधून काढलेली नळी उजेडासमोर धरून बघायची सवय लावून घ्या.

आता सप्लिमेंट्स. २००९ च्या एका गाजलेल्या प्रयोगात रोज १००० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि ४०० आययू (आंतरराष्ट्रीय एकक) व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांमध्ये व्यायामाने इन्सुलिन संवेदनशीलतेत होणारी सुधारणा अडली. तो प्रयोग साध्या हवेतला होता, तरी धडा इथेही लागू पडतो: थोडे रॅडिकल्स शरीराला सरावाचा निरोप देतात, ते सरसकट दाबायचे नसतात. खेळाडू घेतात त्या बीटच्या रसाची गोष्ट वेगळी, तो नायट्रेटसाठी घेतात. त्यातल्या नायट्रेटचं नायट्राइट तोंडातले जिवाणू करतात, म्हणून प्रयोगातल्या खेळाडूंना माउथवॉश बंद करायला सांगावं लागतं.

आणि उंचीवरच्या शिबिराला निघालेली मुलगी तुमच्यासमोर बसली, तर सी-ईच्या आधी तिचं फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. लोह कमी असेल तर नवं हिमोग्लोबिन तयार होणार कशातून? मात्र तपासणीशिवाय लोह देऊ नका. मोकळं लोह स्वतःच रॅडिकल्स वाढवतं.