बऱ्हाणपूरचा आहुखाना : तापीकाठची मुघल बाग कशी पाहावी

खान्देशातून बऱ्हाणपूरला जाणारे बहुतेक लोक शाही किल्ला आणि जामा मशीद पाहतात, मावा जिलेबी आणि दराबा बांधून घेतात आणि संध्याकाळच्या आत परत फिरतात. नदीपलीकडच्या जैनाबादेत असलेल्या आहुखान्याच्या बागेकडे फारच थोडे वळतात, आणि जे वळतात ते मुमताजमहलला आधी जिथे पुरले होते ती जागा पाहून लगेच निघतात. या बागेला तिचा स्वतःचा इतिहास आहे. किल्ला, नदी आणि बाग या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी आणि योग्य क्रमाने पाहिल्या, तरच तो नीट उलगडतो.

जाण्यासाठी दिवाळीनंतरचे दिवस ते माघ महिना हा काळ उत्तम. चैत्र-वैशाखात इथले ऊन आपल्या जळगाव-भुसावळसारखेच भाजून काढणारे असते आणि बागेत सावली बेताचीच मिळते. पावसाळ्यात तापीला पूर असताना घाटाच्या पायऱ्या उतरू नयेत. भुसावळहून खंडव्याकडे जाणारी गाडी सावदा, निंभोरा, रावेर करत बऱ्हाणपूरला पोहोचते. स्थानक लालबाग भागात, गावापासून थोडे दूर आहे, म्हणून तिथूनच रिक्षा करावी. रावेरकडून रस्त्याने येणारा नदीच्या उत्तर काठानेच शहरात शिरतो, तर मुक्ताईनगर-इच्छापूर मार्गाने येणाऱ्याला शहरात शिरताना तापी ओलांडावी लागते.

दिवसाची सुरुवात किल्ल्यापासून करावी, बागेपासून नव्हे. खान्देशावर दोनशे वर्षांहून अधिक काळ राज्य केलेल्या फारुकी सुलतानांनी हे शहर इ. स. 1400 च्या सुमारास वसवले. सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावावरून याला बऱ्हाणपूर, तर पलीकडच्या तीरावरील वस्तीला जैनुद्दीन शिराजी यांच्या नावावरून जैनाबाद म्हणू लागले. अकबराने 1601 मध्ये असीरगड घेतल्यावर खान्देश मुघलांकडे गेला, अकबराचा मुलगा शाहजादा दानियाल इथे सुभेदार झाला, आणि हरणे राखलेल्या शिकारीच्या बागेचे, म्हणजे आहुखान्याचे, श्रेय सामान्यतः त्यालाच दिले जाते. किल्ल्यात हमामाच्या, म्हणजे शाही स्नानगृहाच्या, छताखाली पोहोचल्यावर घाई करू नये. डोळे अंधाराला सरावले की चुन्याच्या गिलाव्यावरची रंगीत वेलबुट्टी हळूहळू दिसू लागते, आणि ज्यांनी या खोल्या रंगवून घेतल्या त्यांना बागेची किती ओढ होती याची कल्पना येते. मग नदीकडच्या सज्ज्यावर यावे. समोर पात्र आणि त्यापलीकडे जैनाबादची झाडी दिसते. महालातून बाग डोळ्यांपुढे राहावी आणि वाटेल तेव्हा नदी उतरून तिकडे जाता यावे, अशी ही मांडणी आहे असे मला वाटते, म्हणूनच आधी इथे उभे राहण्याचा माझा आग्रह आहे.

किल्ल्यावरून उतरून राजघाटावर थोडा वेळ थांबावे. पाणी कमी असेल तर पात्रातला दगडी हत्ती दिसतो. त्यानंतर पुलावरून जैनाबादेस जावे. रिक्षा ठरवताना जाऊन-येऊन आणि तिथे थांबण्याचे भाडे आधीच बोलून घ्यावे, कारण पलीकडे परतीची रिक्षा मिळेलच असे नाही. बाजारात मराठी चालते, पण गावात वाट विचारताना हिंदी बोलणे सोयीचे पडते. पाणी सोबत न्यावे, पायांत बंद बूट असावेत. खाण्यासाठी घरच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असेल तर उत्तमच. मात्र कागद आणि पिशव्या परत आणाव्यात, आणि आसपासच्या शेतांतून विचारल्याशिवाय पायवाट काढू नये.

आहुखान्यात फुलांचे ताटवे किंवा कारंजी पाहायला मिळतील या अपेक्षेने जाऊ नये. उरल्या आहेत त्या इमारती आणि त्यांच्यामधली मोकळी जागा. आत शिरल्यावर लगेच कमानींचे फोटो काढत सुटण्याऐवजी या मोकळ्या जागेच्या मधोमध उभे राहावे. मुघल बागेत इमारत ही बाग पाहण्यासाठी बसायची जागा असते, मुख्य गोष्ट असते ती पाणी, त्याचे पाट, हौद आणि झाडांच्या रांगा. त्यामुळे जमिनीचा उतार कुठे आहे, पाणी कुठून येऊन कुठे जात असावे, हे आधी न्याहाळावे. नंतर भिंतीजवळ जावे. गिलावा सुटलेल्या ठिकाणी विटांचे थर आणि त्यांतला चुना उघडा पडलेला दिसतो. तिथे हात लावू नये, नखाने टोकरले तरी चुना गळतो. भिंतींवर नावे कोरणाऱ्यांनी या वास्तूचे फार नुकसान केले आहे. सोबत मुले असतील तर त्यांना हे आवर्जून दाखवावे आणि समजावून सांगावे.

आता मुमताजमहलविषयी. बंडखोर सरदार खानजहान लोदी याच्याविरुद्धच्या मोहिमेसाठी शाहजहान 1630 मध्ये बऱ्हाणपुरास आला. 17 जून 1631 रोजी चौदाव्या बाळंतपणात मुमताजमहलचा इथेच मृत्यू झाला. तिला जैनाबादच्या बागेत दफन केले आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिचा देह आग्र्याला नेला. म्हणजे ताजमहालाआधीचे सहा महिने ती या तापीकाठी होती. या जागी गलका न करता थोडे शांत उभे राहावे. याच बागेत पुढे दख्खनचा सुभेदार असलेल्या औरंगजेबाने आंब्याच्या फांदीकडे हात उंचावणाऱ्या हिराबाई नावाच्या दासीला पाहिले आणि तो तिच्यावर भाळला, अशी हकीकत मुघलकालीन ग्रंथांत आली आहे. मला ती फार मोलाची वाटते, कारण या बागेत फळांनी लगडलेला आंबा होता, माणसे तिथे हसत-खेळत होती, हे त्या एका प्रसंगातून दिसते.

परतताना लालबागेजवळचा कुंडी भंडारा पाहिल्याशिवाय गाडी पकडू नये. मुघल सेनापती अब्दुर्रहीम खानखानान याच्या काळात, 1615 च्या सुमारास, ही योजना झाली. सातपुड्याच्या उतारावरून जमिनीखाली झिरपत तापीकडे जाणारे पाणी अडवून, शंभराहून अधिक कुंड्या, म्हणजे विहिरीसारखे उभे खड्डे, भुयारी पाटाने जोडून, ते केवळ उताराच्या बळावर शहरापर्यंत आणले गेले. 2024 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत त्याचा समावेश झाला. खाली उतरण्याची सोय त्या दिवशी चालू असल्यास अवश्य उतरावे. भिंतींवर क्षारांचा पांढरा थर साचलेला आहे आणि पायांशी स्वच्छ पाणी वाहते. इथून स्थानक जवळ असल्याने परतीच्या गाडीच्या तासभर आधी इथे पोहोचले तरी चालते.