डिस्क लावल्यावर चाक जड फिरतंय?

जुन्या पद्मिनी गाडीला पुढे ड्रम ब्रेकच्या जागी डिस्क ब्रेक बसवली, आणि चार किलोमीटरांत रिम तापायला लागली. लगेच कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) दोष देऊ नका. आधी चाक अडकलेलं असतानाच गाडी जॅकवर घ्या (मागच्या चाकांना ठोकळे लावून) आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा) जागी धरणारे नट दोन-तीन आटे सैल करा. चाक सुटलं, तर पुशरॉड (त्याचा पिस्टन ढकलणारी दांडी) लांब आहे. पेडल सोडल्यावर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल परतायचं भोक झाकलेलं राहतं. दांडी आणि पिस्टनमध्ये मिलिमीटरभर मोकळीक ठेवा.

नाही सुटलं, तर मास्टरमधून निघणारा पाइप सैल करा. आता सुटलं, तर मास्टर जुना ड्रमचाच असणार. त्यातला व्हॉल्व्ह लाइनमध्ये साधारण १० पीएसआय दाब धरून ठेवतो. ड्रमला तो चालतो, कारण स्प्रिंगा शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेक) मागे खेचतात. डिस्कला अशी स्प्रिंग कुठली? मास्टर फ्लोअरखाली, कॅलिपरपेक्षा खाली असेल, तरच २ पीएसआयचा व्हॉल्व्ह लागतो.

पाइप सोडूनही अडकलंय? कॅलिपरचा ब्लीडर (हवा काढायचा स्क्रू) उघडा. सुटलं, तर कॅलिपरला जाणारा रबरी होज (नळी) आतून फुगलाय. नाहीतर कॅलिपरचा पिस्टन किंवा स्लाइड पिना (ज्यांवर कॅलिपर सरकतो) जाम. सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवा, रंग खातं. शेवटी लाइनमधली हवा काढायचीच.